सिम बदललं तरी त्याला नंबर कळतो, ताई फोन हॅक झालाय का?

साताऱ्यातून एका मुलीचं पत्र आलंय. गोडोलीत रूम घेऊन राहते, पोवई नाक्याजवळ क्लिनिकमध्ये कामाला आहे. बघायला आलेल्या एका मुलाला घरच्यांनी नकार कळवला, तेव्हापासून तो पिच्छा सोडत नाही. सिम बदललं तर आठवड्यात नव्या नंबरवर मेसेज, "हिरवा ड्रेस छान होता". बाबा म्हणतायत नोकरी सोड आणि कोरेगावला घरी ये.

अगं, घाबरलीयस ते समजतंय मला, पण यात तुझं काही चुकलेलं नाही.

हॅकचं म्हणशील तर एकदा बघून घे, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघड, अनोळखी लॅपटॉप दिसला तर आधी स्क्रीनशॉट आणि मग लॉगआउट, गुगल अकाउंटचं पण तेच आणि मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग बंद कर. पण मला नाही वाटत तिथं काही सापडेल, कारण तुझा फोन त्याच्या हातात कधी गेलाच नाही.

त्याच्या हातात गेलाय तो तुझा बायोडाटा! आठव त्यात काय काय लिहिलंय ते, जन्मवेळ, घरचा पत्ता, बाबांचा मोबाईल, तू कुठं काम करतेस, वर मामांचं नाव आणि गाव, म्हणजे कुणाला फोन करायचा याची यादीच झाली की. मग "क्लिनिकमधून बोलतोय, मॅडमचा फोन लागत नाहीये" म्हटलं की मामी बिचारी नवा नंबर देऊन मोकळी. तो नंबर बँक खात्याला आणि यूपीआयला जोडलेला असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकला की तुझं नाव येतं, त्याची खात्री पटते. त्यामुळं नातेवाईकांना स्पष्ट सांग, माझा नंबर कुणालाच द्यायचा नाही, आधी मला विचारायचं. वधूवर ग्रुपवरचा बायोडाटा काढायला लाव, पुढं द्यायचाच झाला तर पत्ता आणि नोकरीचं ठिकाण गाळून.

हिरवा ड्रेस बहुतेक स्टेटसवर दिसला असेल, तो तुझ्या लिस्टमधल्याच कुणीतरी दाखवला असणार. स्टेटस चार-पाच जणींपुरतं ठेव. पण त्या दिवशी फोटो टाकलाच नसशील तर तो आसपास फिरतोय असं समज आणि पोलिसांना तसं सांग. पार्सलवरचं नाव-नंबराचं लेबल फाडून मगच खोका टाक, झेरॉक्सवाल्याकडं मास्क्ड आधार दे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

जुनं सिम बंद करू नकोस. जुन्या फोनमध्ये घालून भावाकडं दे, त्या मुलाचे मेसेज तिथं पडू देत, पुरावाही साठतो आणि बँकेचा ओटीपी भलत्याकडं जात नाही. एकदाच लिहून कळव, "मला तुमच्याशी बोलायचं नाही, संपर्क करू नका". नंतर एक अक्षर नाही, शिवी पण नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये बाईनं नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागं लागणं हा गुन्हा आहे, तिचं इंटरनेट-ईमेल वापरणं यावर पाळत ठेवणं सुद्धा, पहिल्यांदा 3 वर्षांपर्यंत शिक्षा आणि दुसऱ्यांदा 5. म्हणून तो लेखी नकार कामाचा. तक्रार सातारा की कोरेगाव हा घोळ घालू नका, कुठल्याही ठाण्यात घेतात, समोर येऊन उभा राहिला तर 112 लाव.

बाबांना हे पत्र वाचायला दे. नोकरी सोडून कोरेगावला गेलीस तर तो पत्ता त्याच्याकडं आहेच ना बायोडाट्यात! त्यापेक्षा त्यांनी तुझ्याबरोबर ठाण्यात यावं. आणि क्लिनिकच्या रिसेप्शनवर उद्याच सांगून ठेव, फोनवर कुणी तुझी ड्युटी किती वाजता सुटते विचारलं तर काही सांगायचं नाही, नंबर तेवढा लिहून ठेवायचा.