शाळेची हरकत नव्हती

न्यू जर्सीत समुपदेशन करताना मराठी पालकांकडून अलीकडे एक प्रश्न वरचेवर येतो : हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुलाला इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीचे पैसे मिळू लागले, तर त्याला संघातून काढून टाकतील का? हाच प्रश्न घेऊन एक दांपत्य माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांची १६ वर्षांची मुलगी ८०० मीटर धावते. तिचे सरावाचे व्हिडिओ पाहून बुटांच्या एका दुकानाने तिला ३०० डॉलर आणि एक बूटजोड देऊ केला होता. आईने कराराची पाने छापून, शंकेच्या ओळी पिवळ्या पेनने रंगवून आणल्या होत्या.

शाळेपुरते उत्तर सोपे होते. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातीतून कमाई करण्याची मुभा मिळाली आणि पुढे न्यू जर्सीच्या शालेय क्रीडा संघटनेनेही ती दिली. मात्र जाहिरातीत शाळेचे नाव, बोधचिन्ह किंवा गणवेश दिसता कामा नये, दारू, तंबाखू, जुगार यांची जाहिरात करता येत नाही आणि पैसे शर्यतीतल्या कामगिरीवर ठरलेले नसावेत. मुलीने फोन पुढे केला. दुकानाने निवडलेल्या फोटोत तिच्या छातीवर शाळेचे नाव ठळक दिसत होते. “दुसरा काढता येईल,” ती लगेच म्हणाली.

मग मी व्हिसाविषयी विचारले आणि वडिलांनी मान खाली घातली. ते एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या एच-फोर व्हिसावर. आणि एच-फोरवरच्या मुलांना कमाईची परवानगी नसते. सही करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलांना भेटा, असे मी सुचवले. डॉलर तर नाहीतच, पण जाहिरातीच्या बदल्यात बूटही घेऊ नका, असा सल्ला त्यांनी दिला.

पुढच्या भेटीत मुलगी एकटीच आत आली. “माझ्या टीममधली मैत्रीण हेच करते. धावतो तर आम्ही दोघी सारख्याच,” एवढेच बोलून ती बराच वेळ बाहीचे टोक पिळत राहिली. नाशिकहून आली तेव्हा ती चार वर्षांची होती. आपला व्हिसा मैत्रिणींच्या नागरिकत्वासारखा नाही, तोवर ग्रीन कार्ड न मिळाल्यास २१ व्या वर्षी आपल्याला या व्हिसावर राहता येणार नाही, हे तिला घरात कुणी सांगितलेच नव्हते. विचारले की “पुढे बघू” एवढेच उत्तर मिळे. मुलांना काळजी नको म्हणून आईवडील गप्प राहतात, हे मी समजू शकते, पण या वयाच्या मुलीपासून ही गोष्ट लपवणे मला अन्यायाचे वाटते आणि तसे मी वडिलांना स्पष्ट सांगितले.

त्या रविवारी त्यांनी व्हिसाची सगळी कागदपत्रे जेवणाच्या टेबलावर मांडली आणि मुलीचे प्रश्न संपेपर्यंत उत्तरे दिली. दुकानदाराला नकार तिने स्वतःच कळवला. आई शेजारी बसली होती. मजकुरात तिने ‘सॉरी’ दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा खोडले.