टपालाने मागवलेले जुन्या आयरिसचे गड्डे: लावायचे कसे आणि वाण ओळखायचा कसा?

दाढीवाल्या आयरिसचे (खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा, म्हणजे ‘दाढी’, असलेल्या फुलझाडाचे) गड्डे टपालाने आलेत, दोन गड्ड्यांच्या चिठ्ठ्या गळून पडल्यात आणि वाण कसा ओळखायचा, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या गड्ड्यावरून तो कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या फुलावरूनही घाई नको. नव्या लावणीत दांडा आखूड राहतो, कळ्या कमी येतात. तोवर गड्डे जगवायचे.

प्रत्येक गड्डा अंगठ्याने दाबून पाहा. सुरकुतलेला चालतो, मऊ आणि घाण वास येणारा म्हणजे सड. कडक पांढरा गर लागेपर्यंत कापा, एक भाग घरगुती ब्लीच नऊ भाग पाण्यात घालून त्यात दहा मिनिटं बुडवा आणि दोन दिवस सावलीत सुकवा. सुरीही दर कापानंतर त्याच पाण्यातून काढा, नाहीतर तीच रोग पसरवते.

पाती १५ सेंमीवर छाटा. खड्ड्याच्या मधोमध मातीचा उंचवटा करून गड्डा त्यावर बसवा आणि मुळं दोन्ही बाजूंना उतरती पसरा. पाठ मातीच्या पातळीला उघडी हवी. ऊन फार कडक असेल तर फार तर एक-दोन सेंमी माती. खोल लावलेला गड्डा पानं देतो, फूल देत नाही. अंतर ३० ते ४५ सेंमी, ऊन किमान सहा तास. पाणी साचणारी जागा नको, ताजं शेणखत किंवा युरिया तर नकोच: नत्राने लुसलुशीत वाढ होते आणि सड तिलाच आधी धरते. मधलं नवं पान निघालं की पाणी कमी करा. आणि या झाडाला हिवाळ्याची थंडी लागते. ती नसेल तर फुलांची फार आशा धरू नका.

ओळख पटवायला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीचं फूल घ्या. फोटोवर विसंबू नका, निळ्या-जांभळ्या छटा कॅमेरा हमखास बिघडवतो. मोजपट्टीने दांड्याची उंची घ्या, फांद्या आणि कळ्या मोजा. मग फोटोत सहसा न दिसणारं पाहा: दाढीचा रंग टोकाला कोणता, आत घशाशी कोणता, खालच्या पाकळीच्या देठाजवळ शिरा आहेत का, पात्यांच्या बुडाशी जांभळी झाक आहे का, वास कसा आहे. कळीभोवतीचं आवरणही बोलकं असतं. फूल उमलण्याआधीच ते रुपेरी, कागदासारखं कोरडं झालं असेल आणि फुलाला द्राक्षासारखा वास असेल, तर पॅलिडा गटाकडे (‘आयरिस पॅलिडा’ या जातीशी नातं असलेल्या वाणांकडे) वळा.

फसगत कशी होते पाहा. ‘राइन निक्स’ (१९१०) आणि ‘वॉबॅश’ (१९३६) दोन्ही वर पांढरे, खाली जांभळे आणि खालच्या पाकळीला फिकट कड. नुसत्या रंगावर गेलात तर नावांची अदलाबदल ठरलेली. पाकळीची ठेवण पाहा: ‘राइन निक्स’ची अरुंद, जुन्या वळणाची. अमेरिकन आयरिस सोसायटीच्या १९३९च्या यादीत वाणांचे हंगाम आणि रंग सांकेतिक अक्षरांत दिलेत. तुमच्या नोंदी त्या यादीशी ताडा. एक जरी खूण जुळली नाही, तरी नाव लावू नका, ‘अमुकसारखा’ एवढंच लिहा. माझ्या मते चुकीच्या नावापेक्षा बिननावाचा गड्डा बरा.

वाफ्याचा नकाशा वहीत काढून ठेवा, चिठ्ठ्या उन्हाने पुसतात. फुलं सुकली की बोंडं मोडून टाका. त्यातलं बी तिथेच रुजलं तर रोप आईसारखं निघत नाही, आणि दोन-तीन वर्षांत मूळ वाण कोणता, हे त्या गर्दीत कळेनासं होतं.