नव्या मोटारहोममधले दोष : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोटारहोम म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी. तिची चासी (चाकांवरचा सांगाडा) आणि इंजिन एक कारखाना बनवतो, त्यावरचे घर दुसरा कारखाना बांधतो. या दुसऱ्या कामात बरेच काही माणसाच्या हाताने होते: शेकडो स्क्रू, पाण्याच्या नळ्यांचे जोड, वायरींची टोके, फटी बुजवणाऱ्या सीलंटच्या रेघा. नव्या गाडीतले बहुतेक दोष अशा सांध्यांतच सापडतात. या वेळची उत्तरे त्यांच्याविषयीच आहेत.

प्रश्न : गाडी घेऊन आठ महिने झाले. पहिल्या मोठ्या पावसानंतर मागच्या पलंगावर, छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात फिकट तपकिरी डाग दिसला. विक्रेत्याच्या मते ही श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ आहे, झरोका उघडा ठेवला की जाईल. खरे काय, हे कसे ओळखायचे?

उत्तर : वाफेची ओल थंड पहाटे दिसते. ती खिडकीच्या काचेवर, धातूच्या चौकटीवर, गादीच्या खालच्या बाजूला मोठ्या भागावर पसरते, आणि पुसून हवा लागली की माग ठेवत नाही. बाहेरून शिरलेले पाणी पावसानंतर येते आणि दर वेळी त्याच जागी येते. त्याच्या डागाला गडद कड असते, कारण आत येताना ते लाकडाचा आणि गोंदाचा रंग विरघळवून आणते. तुमच्या वर्णनावरून ही गळती वाटते. पण वाटण्यावर दावा टिकत नाही, म्हणून मोजा.

दोन सुयांचा ओलावामापक घ्या. सुया टोचल्याची खूण दिसणार नाही अशा जागा निवडा: कपाटाच्या आत, पट्टीच्या मागे, गादीखाली. सपाट तळाचा, सुया नसलेला मापक भिंतीत धातूचा पत्रा किंवा चंदेरी थर असला की चुकीचा मोठा आकडा दाखवतो. डागापासून चारही दिशांना दर 10 सेंटिमीटरवर मोजा, आकडा कागदी चिकटपट्टीवर लिहून तिथेच लावा आणि सगळ्याचा एकत्र फोटो काढा. लाकडात 15 टक्क्यांपर्यंतचा ओलावा ठीक. 15 ते 20 असेल तर महिन्याभराने पुन्हा मोजावे. 20 च्या वर कारण शोधायलाच हवे, आणि 30 च्या आसपास पोहोचलेल्या लाकडाला बुरशी धरते. दुसऱ्या बाजूच्या तशाच कोपऱ्यातही मोजा. तिकडे 12 आणि इकडे 26 असेल, तर वाफेचे कारण टिकत नाही. वाफ एकच कोपरा निवडत नाही.

पाणी शिरते ती जागा डागाच्या बरोबर वर असेलच असे नाही. भिंतीतल्या लाकडी पट्टीवरून ते बरेच अंतर वाहत येते. मागच्या कोपऱ्यासाठी या क्रमाने बघा: छताची कड झाकणारी पट्टी, मागचे वरचे दिवे, कॅमेऱ्याच्या वायरीचे भोक, छतावरच्या झरोक्याची चौकट, ऑनिंगची (बाहेर ओढायच्या कापडी छपराची) पट्टी आणि तिचे स्क्रू. पाइपने पाणी मारून शोधायचे तर नेहमी खालून सुरुवात करा. एका सांध्यावर 10 ते 15 मिनिटे मंद धार सोडा, आत एक जण विजेरी घेऊन बसवा, काही दिसले नाही तरच वरच्या सांध्याकडे जा. वरून सुरुवात केली तर सगळेच सांधे भिजतात आणि दोषी कोणता ते कळत नाही. दाबाचा फवारा मारू नका. चांगल्या सीलमधूनही तो पाणी घुसवतो. कार्यशाळेत याहून चांगली चाचणी होते. पंख्याने गाडीच्या आत हवेचा थोडा दाब वाढवतात आणि बाहेरून सांध्यांना साबणाचे पाणी लावतात. फट असेल तिथे बुडबुडे येतात. ही चाचणी मागा.

दुरुस्ती कशी होते, यावर लक्ष ठेवा. जुन्या सीलंटवर सिलिकॉनची नवी रेघ ओढून गाडी परत दिली, तर ती दुरुस्ती स्वीकारू नका. आत शिरणारे पाणी पट्टीच्या मागच्या बाजूने येत असते. वरची रेघ त्याला फक्त बाहेर पडू देत नाही. शिवाय सिलिकॉनवर पुढे दुसरे काही चिकटत नाही आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते विरघळत नाही, खरवडूनच काढावे लागते. योग्य काम असे : पट्टी किंवा चौकट पूर्ण काढायची, जुने सीलंट प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडायचे, पत्रा अल्कोहोलने पुसायचा, नवी ब्यूटाइल पट्टी (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) लावायची आणि स्क्रू समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळायचे. ब्यूटाइल कधीच कडक होत नाही, म्हणूनच धक्के खाणाऱ्या सांध्याला ती मानवते. दाबाखाली ती हळूहळू पसरते. त्यामुळे एक-दोन दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळून बाहेर आलेला भाग कापायचा असतो. खिडक्या ॲक्रिलिकच्या असतात. त्यांना थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल लागू देऊ नका, बारीक तडे जातात.

सर्वांत जास्त चूक होते ती वाळवण्यात. फोमच्या थरांची भिंत श्वास घेत नाही, तिच्यातले पाणी निघायला कित्येक आठवडे लागू शकतात. त्याच जागी आकडा 15 च्या आसपास उतरल्याशिवाय आतले पॅनेल बंद करू देऊ नका. आणि हमीपत्रात वार्षिक ओलावा तपासणीची अट असेल, तर तिची मुदत आजच कॅलेंडरवर टाका. ती तारीख चुकल्यामुळे दावा फेटाळला गेला, तर सांधा कितीही वाईट असला तरी उपयोग होत नाही.

प्रश्न : रात्री सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप तासाला एकदोनदा क्षणभर चालतो. कुठेही पाणी दिसत नाही.

उत्तर : नळ बंद असताना पंप चालला, म्हणजे पंपापुढच्या नळीतला दाब कुठेतरी उतरतो आहे. थेंबथेंब गळत असले तरी हे होते, आणि ते पाणी बहुधा जमिनीच्या थरात मुरते, म्हणून दिसत नाही. आधी पंपाच्याच झडपेची शंका दूर करा. पंपाच्या बाहेरच्या तोंडाजवळ बंद करायची चावी असेल, तर दाब आल्यावर ती बंद करा. त्यानंतरही पंप चालत राहिला तर पाणी पंपाच्या आतून टाकीकडे परत जाते आहे. बंद झाला तर गळती पुढे आहे.

मग प्रत्येक जोड कोरडा पुसा, त्याला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा आणि रात्रभर पंप सुरू ठेवा. दाबून बसवायच्या जोडांत नेहमीचे दोष तीन. नळी तिरकी कापलेली असते, कापलेल्या कडेच्या कुसळाने आतल्या रबरी कड्याला ओरखडा गेलेला असतो, किंवा नळी पूर्ण आत गेलेलीच नसते. तिसरा सर्वांत जास्त आढळतो. नवी नळी काटकोनात कापून, कड गुळगुळीत करून, जोडाच्या आत जाते तेवढ्या खोलीवर पेन्सिलीची खूण करून बसवली की खूण दिसेनाशी व्हायला हवी.

यातच एक गैरसमज दूर करतो. थंडीत बॉयलरने सगळे पाणी गाडीखाली सोडून दिले, तर तो बहुतेक वेळा दोष नसतो. अनेक बॉयलरांची सुरक्षा झडप झडपेजवळचे तापमान सुमारे 3 अंशांवर आले की स्वतःहून उघडते आणि सुमारे 7 अंशांच्या वर गेल्याशिवाय बंद होत नाही. आधी गाडी गरम करा, मग पाणी भरा.

प्रश्न : गाडी चालू असताना फ्रिज गार होत नाही. गॅसवर आणि बाहेरच्या विजेवर मात्र उत्तम चालतो. कार्यशाळेने दोनदा तपासून ‘फ्रिज ठीक’ लिहून दिले.

उत्तर : फ्रिज खरोखरच ठीक असावा, तुमचा दोष वायरीत आहे. शोषण प्रकारचा (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा) फ्रिज 12 व्होल्टवर सुमारे 10 ते 14 अँपिअर घेतो आणि आतल्या हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. टोकाशी 12 ऐवजी 10.8 व्होल्ट पोहोचले, तर उष्णता जवळजवळ पाचवा हिस्सा घटते.

इंजिन चालू ठेवून आणि फ्रिज 12 व्होल्टवर लावून, फ्रिजच्या मागच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने मोजा. भार चालू नसताना मोजलेला आकडा निरुपयोगी, कारण तेव्हा खराब जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मग लगेच इंजिनच्या बॅटरीवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. एक व्होल्टच्या वर असेल तर कारण शोधा. हिशोब सोपा आहे : तांब्याचा विशिष्ट रोध 0.0175, त्याला जाऊन-येऊन लांबीने (मीटर) गुणा, वायरीच्या छेदाने (चौरस मिलिमीटर) भागा आणि आलेल्या आकड्याला अँपिअरने गुणा. फ्रिज 6 मीटरवर असेल तर एकूण लांबी 12 मीटर. 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत 13 अँपिअरला सुमारे 1.1 व्होल्ट वाया जातात, 6 चौरस मिलिमीटरच्या वायरीत 0.45. हा हिशोब तक्रारीसोबत जोडला की ‘ठीक’ असा शेरा मारणे अवघड होते.

वायर पुरेशी जाड असेल तर मल्टिमीटरची दोन टोके प्रत्येक फ्यूजधारकाच्या, रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) आणि अर्थच्या जोडाच्या दोन्ही बाजूंना लावत जा. एका जोडावर 0.1 व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर तो ढिला, गंजलेला किंवा नीट न दाबलेला आहे. हात लावला तर गरमही लागेल.

इंजिन चालू असताना त्याच्या बॅटरीवरच 12.5 च्या आसपास व्होल्ट दिसत असतील, तर प्रकरण वेगळे. नव्या इंजिनांतला अल्टरनेटर (वीज बनवणारे यंत्र) इंधन वाचवण्यासाठी मधूनमधून व्होल्टेज मुद्दाम खाली ठेवतो. अशा चासीवर घर बांधणाऱ्याने साधा रिले लावला असेल, तर घराची बॅटरीही कधी पूर्ण भरणार नाही. तिथे बॅटरी ते बॅटरी चार्जर (इंजिनच्या बॅटरीचे व्होल्टेज वाढवून घराची बॅटरी भरणारा) लागतो, आणि तो नसणे ही रचनेतली चूक आहे. तुमच्या वापराला त्यासाठी दोष देऊ देऊ नका.

प्रश्न : वरच्या कपाटांची दारे वाटेत उघडतात, दोन बिजागऱ्यांचे स्क्रू नुसते फिरतात. मीच दुरुस्त करू का?

उत्तर : दार उघडण्याचे कारण बहुधा खटक्याची जीभ आणि तिची खाच यांची रेष चुकणे, हे असते. बिजागरीवरच्या समायोजनाच्या स्क्रूने दार एकदोन मिलिमीटर सरकवून बघा. याने हमीला धक्का लागत नाही.

नुसता फिरणारा स्क्रू कारखान्यात यंत्राने जास्त आवळलेला असतो. हलक्या प्लायवुडमधले आटे मोडलेले असतात. जाड स्क्रू घालू नका, थोड्या प्रवासानंतर तोही फिरेल. भोक 8 मिलिमीटरचे करा (पलीकडे पार जाणार नाही हे पाहून), त्यात कठीण लाकडाची तेवढीच खुंटी पाणी न लागणाऱ्या लाकडी गोंदाने बसवा, 24 तास ठेवा. मग 3.5 मिलिमीटरच्या स्क्रूसाठी 2 मिलिमीटरचे भोक पाडून हातानेच आवळा. हमी चालू असेल तर आधी फोटोसह कळवा आणि लेखी परवानगी घेऊनच हे करा.

मात्र कपाटच भिंतीपासून सुटून फट दिसत असेल, तर त्याला हात लावू नका. ते रिकामे करा, त्याखाली कोणाला झोपू देऊ नका आणि गाडी कार्यशाळेत न्या.

प्रश्न : शेगडीजवळ अधूनमधून गॅसचा वास येतो. जोड स्वतः आवळून पाहू का?

उत्तर : नाही. सिलिंडरची झडप बंद करा, दारे उघडा, कोणतेही बटण दाबू नका आणि बाहेर या. जोड जास्त आवळला तर आतले कडे दबून गळती कायमची होते. गॅसच्या कामाची परवानगी असलेल्या तंत्रज्ञाकडून पूर्ण यंत्रणेची दाबचाचणी करून घ्या आणि तिचा कागद मागा. तो येईपर्यंत गॅस बंदच राहील.

तोपर्यंत तुम्ही दोन गोष्टी बघू शकता. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीत त्याच्या निकासासाठी भोके असतात. गाडीखालच्या संरक्षक लेपाने ती कधी कधी बुजलेली असतात, कधी त्यांच्यावर सामान ठेवलेले असते. ती मोकळी आहेत का पाहा. दुसरे, रेग्युलेटरवर आणि शेगडीच्या पट्टीवर लिहिलेला दाब एकच हवा. एकावर 30 मिलिबार आणि दुसऱ्यावर 50 असे निघाले तर तेही लेखी कळवा.

प्रश्न : वजनकाट्यावर रिकामी गाडी पत्रकातल्या आकड्यापेक्षा 110 किलोने जड भरली. हा दोष मानावा का?

उत्तर : पत्रकातल्या वजनात काय धरले आहे, ते आधी वाचा. युरोपीय पद्धतीत चालक 75 किलोचा आणि इंधनाची टाकी 90 टक्के भरलेली धरतात, आणि प्रत्यक्ष वजनात 5 टक्क्यांपर्यंत फरक मान्य असतो. 2,900 किलोच्या गाडीला हे 145 किलो होतात, म्हणजे तुमचे 110 त्यात बसतात. ऑनिंग, सौरपट्टी, दुसरी बॅटरी यांसारखी मागवून बसवलेली साधने मूळ आकड्यात नसतात, हेही लक्षात घ्या.

मला जास्त काळजी मागच्या आसाची (ॲक्सलची) वाटते. दोन्ही आस वेगवेगळे तोला. मागच्या चाकांच्या 2 मीटर मागे, सामानाच्या कप्प्यात 100 किलो ठेवले आणि दोन आसांमधले अंतर 4 मीटर असेल, तर मागच्या आसावर 150 किलो वाढतात आणि पुढचा आस 50 किलोने हलका होतो. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस मर्यादा ओलांडू शकतो. रिकाम्या गाडीतच तिथे वाव उरत नसेल, तर तो आकडा आणि वजनकाट्याची पावती घेऊन विक्रेत्याला गाठा.

प्रश्न : दोषांची यादी 23 वर गेली आहे. चासीवाले, घर बांधणारे आणि विक्रेता एकमेकांकडे बोट दाखवतात. तक्रार कोणाकडे करायची?

उत्तर : पैसे ज्याने घेतले त्याच्याकडे. करार विक्रेत्याशी आहे. त्याने पुढे कोणाला जबाबदार धरायचे ते त्याने ठरवावे. निर्मात्यांच्या हमीपत्रांचा वापर याखेरीज वेगळा करा.

यादी तीन भागांत मांडा : सुरक्षेचे (गॅस, ब्रेक, वीज, सुटलेले कपाट), पाण्याचे आणि बाकीचे. प्रत्येक दोषाला क्रमांक, दिसल्याची तारीख, किलोमीटर, फोटो आणि ‘कधी होतो’ एवढे एक वाक्य द्या. ‘दार नीट लागत नाही’ असे लिहू नका. ‘डावीकडे उताराला गाडी उभी असताना बाथरूमचे दार चौकटीला वरून 3 मिलिमीटर घासते’ असे लिहा. तंत्रज्ञाला दोष दिसला नाही की काम न होता गाडी परत येते, म्हणून तो कसा घडवून दाखवायचा हे यादीतच असू द्या. गाडी देताना यादीच्या प्रतीवर पोच घ्या. परत घेताना प्रत्येक क्रमांकासमोर काय केले ते लिहून घ्या, आणि पाण्याशी संबंधित दोष त्यांच्यासमोरच पाइप लावून तपासा. एकच दोष दुसऱ्यांदा परत आला, तर त्या भागाची पुन्हा दुरुस्ती न मागता तो बदलून मागा.