शब्दच नसलेली ख्रिसमसची जुनी गाणी लोकांना इतकी का आठवतात?

तुम्ही विचारलंय की नुसत्या गिटारवर वाजवलेली ख्रिसमसची गाणी लागली की अमेरिकेतली सत्तरी-ऐंशीतली माणसं एवढी हळवी का होतात, आणि त्यातलं ऐकावं काय. ऐकायचं तर 'द व्हेंचर्स' या गिटारवाल्या बँडचा १९६५ चा ख्रिसमस अल्बम ऐका.

व्हेंचर्स वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचे. मी नोकरीनिमित्त इथेच राहतो, म्हणून त्यांची ओळख झाली. बँड सुरू करणारे डॉन विल्सन आणि बॉब बोगल दोघंही बांधकामावर काम करायचे. गहाणवटीच्या दुकानातून जुन्या गिटारी घेतल्या आणि वाजवायला लागले. पुढे विल्सनच्या आईने स्वतःच रेकॉर्ड कंपनी काढून त्यांचं 'वॉक, डोन्ट रन' हे गाणं बाजारात आणलं. सिएटलच्या केजेआर रेडिओवर ते बातम्यांच्या आधी वाजायचं. १९६० साली ते बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

बातम्यांच्या आधी वाजायचं, हे वाचलं आणि मला आमची विविध भारती आठवली. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात सुनील गांगुलींची गिटार किंवा इनॉक डॅनियल्स यांचं अ‍ॅकॉर्डियन लागायचं. आई पोळ्या लाटता लाटता त्यावर शब्द म्हणायची. गायकच नाही म्हटल्यावर गाणं तिचंच व्हायचं. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं त्या अल्बमच्या रचनेत. यातली कितीतरी गाणी दुसऱ्याच एखाद्या गाजलेल्या गाण्याचा तुकडा घेऊन सुरू होतात. 'रुडॉल्फ'च्या सुरुवातीला येतो तो बीटल्सच्या 'आय फील फाइन'चा गिटारचा तुकडा. तेव्हा ते गाणं येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. 'फ्रॉस्टी'च्या आधी 'टकीला'. आणि 'स्ले राइड'ला त्यांनी आपलंच 'वॉक, डोन्ट रन' जोडलंय. जिना उतरावा तशी गिटार खाली येते आणि शेवटच्या पायरीवर 'स्ले राइड'चा संगीतकार लेरॉय अँडरसन याची चाल उभी असते. मी शंभरदा ऐकलं असेल, तरी तो सांधा आला की अंगावर काटा येतो. शिवाय ही चाल अँडरसननेही मुळात ऑर्केस्ट्रासाठीच लिहिली होती, शब्द १९५० साली मागाहून आले.

आता विचार करा, १९६५ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा हे ऐकतोय. मित्रांबरोबर रेडिओवर ऐकलेली गाणी आणि घरातला, आईवडिलांचा सण, दोन्ही एकाच दोन-अडीच मिनिटांत. आज त्याच्यासमोर ती रेकॉर्ड लागली की दोन्ही एकदम परत येतात.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे ती मूळ रेकॉर्ड आहे. डिसेंबर लागला की ते मला बोलावतात, कोको करतात आणि सुई ठेवतात. 'स्ले राइड' पहिलंच गाणं. त्याच्या मध्यावर एक ओरखडा आहे, तिथे पाच-सहा वेळा खट् खट् होतं. त्यांचा धाकटा मुलगा लहान असताना झाड सजवायच्या गडबडीत त्याचा हात सुईला लागला होता. ती जागा आली की आजोबा कप खाली ठेवतात आणि काही बोलत नाहीत. मुलगा आता साठीला आलाय, दुसऱ्या टोकाला फ्लोरिडात असतो.

मोबाइलवर मी हेच गाणं स्वच्छ ऐकतो. पण त्या जागी माझा कान अजून ते खट् खट् शोधतो.