गोळी सोसेल का, हे जीन टेस्टवरून कळतं?

प्रश्न: बहिणीला डिप्रेशनसाठी एस्सिटॅलोप्राम सुरू केली आणि आठवडाभर नुसती मळमळ, झोप नाही. आधी जीन टेस्ट केली असती तर टळलं असतं का डॉक्टर?

उत्तर: खात्रीने नाही हो ताई. या गोळीला मुख्यतः लिव्हरमधलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम (औषध मोडणारं प्रथिन) मोडतं, ते ज्यांच्यात जन्मतःच मंद असतं त्यांच्या रक्तात औषध साचतं आणि त्रास वाढू शकतो, टेस्टमध्ये एवढं दिसतं. या गोळीच्या जवळच्या सिटॅलोप्राम या औषधासाठी तर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) अशा लोकांना दिवसाला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, कारण हृदयाची लय बिघडू शकते. पण सुरुवातीची मळमळ एन्झाइम नॉर्मल असलेल्यांनाही होते, बऱ्याचदा दोनेक आठवड्यांत ओसरते. गोळी परस्पर बंद करू नका, तिच्या डॉक्टरांना आजच फोन करा, डोस कमी करून बघता येतो.