गाडीचा रंग कमी खर्चात बदलायचा आहे. सोलून काढता येणारा स्प्रे बरा की व्हिनाइल रॅप, म्हणजे गाडीवर चिकटवायची रंगीत प्लॅस्टिकची फिल्म?

गाडी आठ वर्षांची आहे, इंजिन ठणठणीत आहे, फक्त रंगाचा कंटाळा आलाय आणि पुन्हा पेंट करण्याइतका खर्च नको, असं तुम्ही लिहिलंय. मी दोन्ही प्रकार स्वतःच्या हाताने केलेत, म्हणून आधी एक काम सांगतो. उन्हात उभे राहून बॉनेट, टप आणि दारांच्या खालच्या कडा नीट बघा, नखाने जरा खरवडा. क्लिअर कोटचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, पोपडे निघत असतील किंवा गंजाचे फोड दिसत असतील, तर हे दोन्ही पर्याय सोडा. फिल्मखाली गंज झाकला जातो, थांबत नाही. पुढे फिल्म काढाल तेव्हा सुटलेला रंग तिला चिकटून येईल. पोचेसुद्धा लपत नाहीत, चकचकीत फिल्मवर तर उलट उठून दिसतात.

मूळ रंग घट्ट असेल, तर पुढचं वाचा.

सोलायचा स्प्रे म्हणजे वाळल्यावर रबरासारखी होणारी कातडी. मी तो पहिल्यांदा चाकांवर मारला. दोन पातळ थरांतच रंग छान झाकला गेला, म्हणून तिथेच थांबलो. पुढे काढायला बसलो तेव्हा तो नखाएवढ्या तुकड्यांनी निघायला लागला आणि एका चाकात अख्खी दुपार गेली. मग उरलेल्या तीन चाकांवर त्याच स्प्रेचे आणखी जाड थर दिले, पूर्ण वाळू दिले, आणि सगळं एकसंध सोलून निघालं. कातडीची स्वतःची ताकद तिच्या चिकटण्यापेक्षा जास्त असेल तरच ती सोलली जाते. म्हणून पाच-सहा थर द्यायचे, आणि कडांना हात आखडता घ्यायचा नाही. मास्किंग टेप मात्र शेवटचा थर ओला असतानाच काढा, नाहीतर टेपबरोबर कडही उचलली जाते.

या कातडीचा शत्रू पेट्रोल. टाकीच्या झाकणाजवळ ओघळ आला की ती विरघळते. शिवाय अख्खी गाडी डब्यांनी मारली तर पट्टे दिसतात. त्यासाठी स्प्रे गन हवी, आणि मध्यम गाडीला साधारण 11 ते 15 लिटर माल लागतो. फवाऱ्यातला द्रावक ज्वलनशील असतो, म्हणून मोकळी हवा आणि वाफा गाळणारा मास्क हवाच. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही.

रॅपमध्ये फसवणूक होते ती फिल्मच्या प्रकारात. स्वस्त कॅलेंडर्ड फिल्म गरम रुळांमधून दाबून, ताणून बनवतात. तो ताण तिच्यात राहतो आणि उन्हात ती आक्रसून कडांवरून मागे सरकते. कास्ट फिल्म पातळ द्रव पसरून बनवलेली असते. ती जेमतेम 50 मायक्रॉन जाडीची असते आणि वळणावर नीट बसते. गाडीला कास्टच घ्या, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा. रोल साधारण दीड मीटर रुंद असतो आणि सेदानला 18 ते 20 मीटर लागतो. सगळा माल एकाच बॅचचा घ्या, छटेत फरक पडतो.

चिकटवण्यापेक्षा जास्त वेळ धुण्यात, मेण काढण्यात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्यात गेला तर काम बरोबर चाललंय असं समजा. सुरुवात आरशांपासून करू नका, त्यांची गोलाई सगळ्यांत अवघड. टप किंवा टाकीचं झाकण घ्या. खोलगट भागात फिल्म ताणून बसवली असेल तर शेवटी हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) ती 90-100 अंशांपर्यंत तापवा, नाहीतर काही दिवसांत तिथे सुटते. गाडीवर ठेवून ब्लेडने कापू नका. खालच्या रंगावर चीर गेली की ती कायमची, आणि तिथूनच गंज लागतो. दोरा असलेली कापायची टेप मिळते, ती वापरा.

मी तुमच्या जागी असतो तर चाकांना स्प्रे आणि टपाला रॅप स्वतः केला असता, आणि बंपर अनुभवी माणसाकडे दिले असते. रंग शक्यतो जुन्याच्या जवळपासचा निवडा, कारण दारांच्या आतल्या चौकटी जुन्या रंगाच्याच राहतात. पांढऱ्या गाडीला काळी फिल्म लावली तर दार उघडताच ते डोळ्यात खुपतं. बऱ्याच देशांत नोंदणीच्या कागदावर गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे फिल्म मागवण्याआधी नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला विचारून घ्या.