गाडीत जीव घाबरतो, नोकरी सोडू का?

उन्हाळा तापला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "लोकलच्या गर्दीत श्वास कोंडतो, आता चक्कर येऊन पडणार असं वाटतं. बाकीच्या बायका रोज जातातच ना? मग मलाच काय झालंय?"

अनघाताईंनीही हेच विचारलं. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) त्या डोंबिवलीहून भायखळ्याला सकाळच्या फास्टने जायच्या. मे महिन्यात एकदा गाडी मध्येच थांबून राहिली. लेडीज डब्यात हात वर करायलाही जागा नव्हती. छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या. ठाण्याला त्या कशाबशा उतरल्या. ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून सांगितलं. (हे सांगून कुणाचं टेन्शन गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.) मग त्या गाड्या सोडू लागल्या. बसायला मिळावं म्हणून आधी उलट्या कल्याणला जाऊ लागल्या, आणि शेवटी राजीनाम्याचा विषय निघाला.

मी आधी भीतीबद्दल विचारलंच नाही. विचारलं, "सकाळी पाणी किती पिता?"

"पीतच नाही मॅडम. लोकलमध्ये टॉयलेट नाही, स्टेशनवरच्यात पाय ठेववत नाही. ऑफिसात पोचले की पिते."

नाश्ताही नाही, फक्त चहा. मुंबईकडच्या कितीतरी नोकरदार बायका वर्षानुवर्षं असंच करतात, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. दमट हवेत, माणसाला माणूस चिकटलेल्या डब्यात तो वाळतच नाही. मग उष्णता बाहेर टाकायला त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, एका जागी उभं राहून रक्त पायांत साठतं, त्यात शरीरात पाणी कमी. डोकं हलकं होणारच. अनघाताईंना येणारी भोवळ खरी होती, "मनाचे खेळ" नव्हते.

भीती त्यानंतर येते. "पडणार" हा विचार आला की श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मुंग्या येतात, भोवळ वाढते आणि विचार पक्का होतो. अशी लाट साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचते आणि मग ओसरते. पण त्याआधीच आपण उतरलो, तर मेंदू शिकतो की उतरलो म्हणून वाचलो.

म्हणून दोन्हीकडून सुरुवात केली. घरून निघण्याच्या बऱ्याच आधी पाणी, थोडं खाणं. गाडीत अधूनमधून घोटभर, पोटऱ्या आवळून सोडणं, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. मग सुट्टीच्या दिवशी धीमी लोकल: कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. धडधडलं तरी ठरलेल्या स्टेशनाआधी उतरायचं नाही. खरंच डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र हट्ट नको, खाली बसायचं किंवा उतरायचं. वाऱ्यासाठी दारात उभं राहायला मी साफ मनाई केली. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवासी दगावले, ते त्यांनाही आठवत होतं.

एसी लोकलचा सल्ला त्यांना सगळ्यांनी दिला होता. पास महाग, आणि बंद दारांचीच त्यांना जास्त धास्ती. तो आम्ही शेवटी ठेवला.

ऑफिसला अर्धा तास उशिरा येऊ देण्याची विनंती करायला त्यांना सर्वांत जास्त धीर लागला. साहेब लगेच हो म्हणाले.

पुन्हा त्या फास्टने जाऊ लागल्या. मधून मधून धडधडतं, एखादी फारच भरलेली गाडी त्या सोडतातही, पण राजीनाम्याचं नाव काढत नाहीत. तुम्हाला मात्र छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा बसल्या जागीही चक्कर येत असेल, तर माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. अनघाताईंचं हिमोग्लोबिन कमीच निघालं होतं.